पक्षाघातानंतर घास भरवताना: ठसका टाळण्याची टप्प्याटप्प्यानं पद्धत

वाटीत कालवलेला आमटी-भात, हातात मोठा चमचा, दोन उशांना टेकून अर्धवट आडवे झालेले वडील आणि पलंगाशेजारी उभा राहून ‘बाबा, आ करा’ म्हणणारा मुलगा. पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेल्या घरांत मी बहुतेक वेळा हेच बघते. मुलाच्या मायेत काही कमी नाही, पण चार चुका आहेत. पातळ आमटी आणि भाताची शितं घशात वेगवेगळ्या वेगानं उतरतात. चमचा मोठा आहे. पाठ ताठ नाही. आणि भरवणारा उभा असल्यामुळे त्याच्याकडे बघताना बाबांची मान वर जाते. या चारही गोष्टींनी अन्न श्वासनलिकेकडे जायला वाट मोकळी होते.

स्पीच थेरपिस्ट, म्हणजे बोलण्याच्या आणि गिळण्याच्या अडचणींवर उपचार करणारी म्हणून घरोघरी जाताना मी ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगते, त्या इथे क्रमानं लिहिल्या आहेत. ज्यांना डॉक्टरांनी किंवा थेरपिस्टनं तोंडानं खायची परवानगी दिली आहे, त्यांच्यासाठीच ही पद्धत आहे. नाकातून नळी असेल आणि परवानगी मिळाली नसेल, तर ‘नुसतं चवीपुरतं’ म्हणूनही तोंडात काही घालू नका. तुमच्यासाठी शेवटी वेगळा भाग आहे.

## आधी घशाचं काम समजून घ्या

जीभ घास लाळेत कालवते, त्याचा मऊ गोळा करते आणि टाळूवर दाबत मागे ढकलते. इथवर सगळं आपल्या इच्छेनं चालतं. गोळा घशाच्या तोंडाशी पोचला की पुढचं आपोआप होतं, साधारण एका सेकंदात. टाळूचा मागचा मऊ भाग उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो. श्वास थांबतो, स्वरतंतू मिटतात, सगळं स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं, त्यावरची पानासारखी झडप खाली झुकते आणि त्याच क्षणी अन्ननलिकेचं तोंड उघडतं. श्वासनलिका पुढे आणि अन्ननलिका तिच्या मागे असल्यामुळे प्रत्येक घासाला श्वासाचा दरवाजा ओलांडूनच पोटाकडे जावं लागतं.

झटक्यानंतर या साखळीत कुठेही खोट येऊ शकते. ओठ मिटत नाहीत, जीभ गोळा करत नाही, एका बाजूच्या गालाला आत अन्न आहे हे कळतच नाही. सर्वांत धोक्याचं म्हणजे दरवाजा उशिरा मिटतो. पाणी वेगानं घसरतं आणि दरवाजा मिटायच्या आत तिथे पोचतं. म्हणून ‘निदान पाणी तरी देऊ, त्याला चावायला लागत नाही’ हा विचार उलटा आहे. अशा घशाला सगळ्यांत अवघड असतं ते पाणीच.

सुरुवातीच्या दिवसांत पक्षाघाताच्या निम्म्याच्या आसपास रुग्णांना गिळायला त्रास होतो. त्यातल्या अनेकांचं गिळणं काही आठवड्यांत सुधारतं. तेवढा काळ फुप्फुसं सांभाळायची आहेत.

थांबा: ठसका लागत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं नाही. झटक्यानंतर घशाची संवेदनाच कमी झाली असेल, तर अन्न श्वासनलिकेत जाऊनही खोकला येत नाही. हे बाहेरून दिसत नाही. शंका असेल तर बेरियम (एक्स-रेत उठून दिसणारा पदार्थ) मिसळलेलं अन्न देऊन एक्स-रेखाली गिळणं बघतात, किंवा नाकातून बारीक कॅमेरा घालून घसा तपासतात. डॉक्टरांना या तपासणीबद्दल आपण होऊन विचारा. स्पीच थेरपिस्ट ओळखीत नसेल, तर मोठ्या रुग्णालयाच्या मेंदूविकार किंवा कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. मुंबईत वांद्रे इथल्या, बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींवर काम करणाऱ्या अली यावर जंग संस्थेतही विचारता येईल.

## टप्पा १: आत्ता भरवायचं की नाही, हे ठरवा

घड्याळात एक वाजला, म्हणून जेवण, असं करू नका. आधी या गोष्टी बघा:

- हाक मारल्यावर डोळे उघडून तुमच्याकडे बघतात का? पंधरा मिनिटं जागे राहतील, असं वाटतं का?
- स्वतःची लाळ गिळता येते का, की ओठाच्या कोपऱ्यातून गळते आहे?
- सांगितल्यावर खोकून दाखवता येतं का?
- श्वास शांत आहे का? धाप लागलेली असेल तर श्वास आणि गिळणं यांचा मेळ बसत नाही.

यातलं एक जरी ‘नाही’ असेल, तर अर्धा तास थांबा आणि पुन्हा बघा. फिजिओथेरपीचे व्यायाम झाल्या झाल्या किंवा आंघोळ घातल्याबरोबर ताट आणू नका. दमलेला घसा चुकतो.

झोपेत असलेल्या माणसाच्या ओठांना चमचा लावला की तो तोंड उघडतो. ‘बघा, भूक लागलीय त्यांना’ असं घरचे म्हणतात. पण तोंड उघडणं आणि गिळायला तयार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेंगणाऱ्या माणसाला कधीही भरवू नका.

टीव्ही बंद करा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. भेटायला आलेल्यांना ‘जेवण झालं की बोलू’ असं नम्रपणे सांगा. गप्पा मारत जेवणं आपल्याला जमतं. यांना सध्या प्रत्येक घोट ध्यान देऊन गिळायचा आहे. चष्मा आणि ऐकायचं यंत्र असेल तर ते लावा.

## टप्पा २: बसवा

निम्म्या चुका इथे होतात.

खुर्चीत बसवता येत असेल तर खुर्चीच उत्तम. कंबर खुर्चीच्या पाठीला पूर्ण टेकलेली, पाठ ताठ, गुडघे काटकोनात आणि पावलं जमिनीवर सपाट हवीत. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. पायाला आधार नसला की धड घसरतं आणि धडाबरोबर मानही. लुळा हात टेबलावर किंवा मांडीवरच्या उशीवर ठेवा. लुळ्या बाजूला शरीर कलतं, म्हणून त्या बाजूला चादरीची घट्ट वळकटी किंवा लोड लावा.

पलंगावरच भरवायचं असेल तर क्रम असा ठेवा. आधी दोघांनी मिळून रुग्णाला डोक्याच्या दिशेनं वर सरकवा. त्यांची कंबर पलंग जिथे दुमडतो बरोबर तिथे यायला हवी. त्यानंतर पलंगाचा मागचा भाग उचला. उलट केलंत, म्हणजे आधी पलंग उचलला आणि कंबर खालीच राहिली, तर पाठ पोत्यासारखी दुमडते. पलंग नव्वद अंशांत दिसतो, पण माणूस चाळिसात असतो. गुडघ्यांखाली उशी घातली की खाली घसरणं थांबतं.

मान सरळ ठेवा. हनुवटी किंचित छातीकडे झुकलेली असू द्या. हनुवटी पूर्ण खाली दाबून गिळणं किंवा मान लुळ्या बाजूला वळवून गिळणं अशा युक्त्या काहींना फार उपयोगी पडतात. पण त्या कुणाला लागू पडतील, हे घसा तपासूनच कळतं. शेजारच्या काकांना सांगितलेली युक्ती आपल्या घरी करू नका.

आता तुम्ही बसा. स्टुलावर, समोर किंवा किंचित धडधाकट बाजूला, असे की तुमचे डोळे त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडे खाली येतील. उभ्यानं भरवू नका. मान मागे गेली की श्वासनलिकेचा रस्ता सरळ होतो आणि दरवाजा मिटायला आणखी उशीर लागतो.

तपासा: रुग्णाच्या बाजूला उभं राहून बघा. कान, खांदा आणि कंबर साधारण एका उभ्या रेषेत आहेत का? नसतील तर घास उचलू नका, आधी पुन्हा बसवा.

## टप्पा ३: तोंड आधी स्वच्छ करा

जेवणानंतर दात घासायची आपल्याला सवय आहे. इथे जेवणाआधीही तोंड साफ करायचं आहे. लाळ दिवसरात्र गिळली जाते आणि ज्याचा घसा कमकुवत आहे, त्याची थोडी लाळ फुप्फुसात उतरतच असते. तोंडात शिळं अन्न आणि जंतू साठले असतील तर तेही लाळेबरोबर जातात. फुप्फुसाला संसर्ग होण्याचं ते मोठं कारण आहे. म्हणूनच नळीनं अन्न घेणाऱ्याचं तोंडही रोज साफ करावं लागतं, ‘ते तोंडानं खातच नाहीत’ तरीही.

मऊ ब्रश आणि मटारच्या अर्ध्या दाण्याएवढी पेस्ट घ्या. फार फेस होणारी पेस्ट नको, कारण फेसाचाही ठसका लागतो. चूळ भरता येत नसेल तर भरायला लावू नका. हनुवटी खाली ठेवून ओल्या गॉजनं दात, हिरड्या, जीभ आणि लुळ्या बाजूच्या गालाची आतली बाजू पुसून घ्या. टाळूला वाळलेला, चिकट थर चिकटलेला दिसतो, तो ओलसर गॉजनं हळूहळू सुटतो. खरवडू नका.

कवळी असेल आणि ती नीट बसत असेल तरच लावा. झटक्यानंतर चेहरा ओघळलेला असतो, वजन उतरतं आणि कवळी सैल होते. सैल कवळी घालण्यापेक्षा बिनकवळीचं मऊ जेवण बरं.

## टप्पा ४: ताटात काय आणि कसं

थेरपिस्टनं तुम्हाला बहुधा एक पातळी सांगितली असेल. अन्न आणि पेयांसाठी जगभर ० ते ७ अशा पातळ्या वापरतात. ० म्हणजे साधं पाणी आणि ७ म्हणजे नेहमीचं जेवण. आपल्या घरांत जास्त करून ४, ५ आणि ६ या पातळ्या सांगितल्या जातात.

पातळी ४ म्हणजे पूर्ण वाटलेलं, गुठळी नसलेलं. चमच्यावर आकार धरून राहतं, चमचा तिरका केला की एकसंध गोळा घसरून पडतो आणि चमच्याला फारसं चिकटून राहत नाही. पातळी ५ म्हणजे बारीक केलेलं आणि ओलसर, मोठ्या माणसांसाठी ४ मिलिमीटरपेक्षा मोठा कण नाही. काट्याच्या दोन दात्यांमधलं अंतर साधारण तेवढंच असतं. पातळी ६ मध्ये दीड सेंटिमीटरपर्यंतचे मऊ तुकडे चालतात, पण काट्यानं दाबले की ते चेपले पाहिजेत.

आता स्वयंपाकघरात. गुरगुट्या भात, साल काढलेली मुगाची डाळ आणि भरपूर पाणी, कुकरच्या नेहमीपेक्षा दोन-तीन शिट्ट्या जास्त, मग मिक्सरमध्ये एकजीव. मिक्सरनंतर पुरणयंत्रातून काढलंत तर राहिलेली साल आणि शीत अडकतं. वरून चमचाभर साजूक तूप घातलं की घास निसटतो छान आणि अंगी लागतो. दुधी, लाल भोपळा, गाजर आणि बटाटा यांची भाजी अशीच वाटून देता येते. नाचणीचं घट्ट सत्त्व, सायीचं गोड दही, बिनसुक्यामेव्याचं श्रीखंड, गाळून घेतलेला घट्ट आमरस आणि कस्टर्ड हे बहुतेकांना चालतं. मधुमेह असेल तर गोडाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

न चालणाऱ्या पदार्थांची यादी पाठ करण्यापेक्षा ते का चालत नाहीत, हे लक्षात ठेवा.

दोन प्रकारचं एकत्र. पातळ आमटीतला भात, दूध-पोळी, चहातलं बिस्किट, पाकातला रसगुल्ला, मोसंबीची फोड, सूपमधले भाजीचे तुकडे. जीभ तुकडा सांभाळत असते, तेवढ्यात पातळ भाग घशात उतरलेला असतो. घरोघरी सगळ्यांत जास्त दिली जाणारी आणि सगळ्यांत जास्त ठसका लावणारी हीच मंडळी. आमटी-भात द्यायचा असेल तर दोन्ही एकत्र वाटून एकजीव, घट्ट करून द्या.

कोरडं आणि भुगा होणारं. भाकरी, खारी, पोहे, चुरमुरे, शेव, रव्याचा लाडू. कण घशात पसरतात आणि लाळ कमी असेल तर तिथेच राहतात.

चिकट. बेसनाचा लाडू, साबुदाण्याची खिचडी, मोदकाची उकड, चिक्की. टाळूला चिकटलेला बेसनाचा घास कमकुवत जीभ सोडवू शकत नाही. कुस्करलेलं केळंही चिकटतं, त्यात थोडं दही मिसळून फेटा.

साल आणि धागे. मटार, हरभरे, द्राक्षं, शेवग्याची शेंग, अळूचे देठ. माशाबाबत माझं मत कडक आहे. काटे कितीही काळजीनं काढले तरी एखादा राहतो. मासा द्यायचाच असेल तर कमी काट्याचा घ्या, बोटांनी चाचपून बघा आणि रश्शासकट वाटा.

तोंडात गेल्यावर पातळ होणारं. आइस्क्रीम, कुल्फी, बर्फ, जेली. चमच्यावर घट्ट दिसतात, पण जिभेवर वितळून पाणी होतात. ज्याला पाणी नको आहे, त्याला आइस्क्रीमही नको.

तपासा: वाढल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा चमचा तिरका करून बघा. खिचडी आणि पेज गार झाली की आळते. सुरुवातीचा घास बरोबर असतो आणि शेवटचा चिकट गोळा झालेला असतो. शेजारी गरम पाण्याचं किंवा गरम वरणाच्या निवळीचं भांडं ठेवा आणि लागेल तसं एकेक चमचा मिसळून नीट फेटा.

## टप्पा ५: पाणी आणि चहा घट्ट करणं

‘पाणी घट्ट करून द्या’ असं सांगितलं की घरचे गोंधळतात आणि मग पाणीच कमी देतात. त्यानं लघवी गडद होते, बद्धकोष्ठता होते आणि माणूस आणखी गळून जातो. पाणी द्यायचंच आहे, फक्त त्याचा वेग कमी करायचा आहे.

औषधांच्या दुकानात दोन प्रकारची घट्ट करणारी पावडर मिळते, झॅन्थन गमची (हा एक प्रकारचा डिंक) आणि स्टार्चची (पिठातलं सत्त्व). मी शक्यतो झॅन्थन गमची सुचवते. लाळेत स्टार्च पचवणारं द्रव्य असतं. त्यामुळे स्टार्चनं घट्ट केलेलं पेय तोंडात रेंगाळलं की पातळ व्हायला लागतं. शिवाय ते ग्लासात ठेवलं तर घट्ट होत जातं. तांदळाचं पीठ किंवा कॉर्नफ्लॉर वापरलं तरी हीच अडचण येते.

पावडर डब्यावर लिहिलेल्या मापानंच घ्या. पाण्यात पावडर टाकून चमच्यानं जोरात ढवळा, गुठळी राहू देऊ नका आणि दोन-चार मिनिटं थांबा. दुधाला जास्त वेळ लागतो. घट्ट व्हायच्या आतच ‘अजून पातळ आहे’ म्हणून पुन्हा पावडर घालणं ही रोजची चूक आहे. पाच मिनिटांनी त्याची खळ होते.

मोजमाप घरी करता येतं. सुई न लावलेली १० मिलिलीटरची सिरिंज घ्या. तिच्यावरची शून्य ते दहा ही पट्टी ६१.५ मिलिमीटर लांब असायला हवी, पट्टीनं मोजून घ्या. आतला दट्ट्या काढा, खालचं टोक बोटानं बंद करा, वरून १० मिलिलीटरपर्यंत पेय भरा. बोट काढा, बरोबर दहा सेकंद वाहू द्या, पुन्हा बंद करा. उरलेलं १ मिलिलीटरपेक्षा कमी असेल तर ते पातळच आहे. १ ते ४ उरलं तर पातळी १, ४ ते ८ उरलं तर पातळी २, ८ पेक्षा जास्त उरलं तर पातळी ३. अजिबात वाहिलं नाही तर ते चमच्यानं खाण्याजोगं, म्हणजे पातळी ४. एकदा माप बसलं की तोच पेला, तोच चमचा आणि तीच पावडर ठेवा.

थेंबाथेंबानं का होईना, गुपचूप साधं पाणी पाजू नका. काही रुग्णांना तोंड स्वच्छ असताना दोन जेवणांच्या मधे साधं पाणी घ्यायला परवानगी दिली जाते. पण तो निर्णय थेरपिस्टचा, आणि त्याचे नियम वेगळे असतात.

चोचीचा कप आणि स्ट्रॉ सोयीचे वाटतात. चोचीच्या कपानं पिताना मान मागे जाते आणि स्ट्रॉनं घोट केवढा येईल, यावर ताबा राहत नाही. दोन्ही सांगितल्याशिवाय नको. रुंद तोंडाचा पेला भरलेला असू द्या. पेला निम्मा रिकामा झाला की उरलेलं पिताना मान वर करावी लागते.

## टप्पा ६: घास

लहान चहाचा चमचा घ्या, तोही अर्धा भरलेला. प्लास्टिकचा चमचा नको, दात आवळले गेले तर तो तुटतो.

1. घास दाखवा आणि सांगा: ‘बाबा, भोपळ्याची भाजी आहे.’ न सांगता तोंडात आलेल्या घासाला घसा तयार नसतो.
2. चमचा समोरून, खालच्या बाजूनं आणा. वरून आणला तर मान वर जाते.
3. जिभेच्या मध्यावर, धडधाकट बाजूकडे, चमचा हलकेच दाबा.
4. ओठ मिटायची वाट बघा. मग चमचा सरळ बाहेर काढा. वरच्या दातांवर खरवडून घास आत सोडू नका.
5. आता गप्प बसा. ‘गिळा, गिळा, गिळलं का?’ असा धोशा लावू नका. उत्तर द्यायला तोंड उघडलं की श्वास आत जातो आणि घासही.
6. गळ्याकडे बघा. कंठमणी वर जाऊन खाली आला की घास गिळला गेला. स्त्रियांमध्ये तो दिसत नाही. गळ्याच्या पुढच्या भागावर दोन बोटं हलकेच ठेवली की हालचाल जाणवते.
7. आणखी एकदा नुसता आवंढा गिळायला सांगा. घशाच्या कोपऱ्यात राहिलेलं त्यानं उतरतं.
8. ‘आ’ म्हणायला सांगा. आवाज कोरडा आणि स्वच्छ असेल तर पुढचा घास. गुळण्या करताना यावा तसा ओला, बुडबुड्यांचा आवाज आला तर खोकून घसा साफ करायला सांगा, पुन्हा गिळायला सांगा, पुन्हा ‘आ’.

मगच दुसरा चमचा भरा. हातात भरलेला चमचा धरून वाट बघितली की समोरच्यावर घाईचं ओझं येतं. चमचा वाटीत ठेवून द्या.

मी एका आजोबांकडे जायचे. आजी रोज भरवायच्या आणि ताट दहा मिनिटांत संपायचं. दर दोन-तीन आठवड्यांनी आजोबांना ताप यायचा. एकदा मी आजींचा हात आजोबांच्या गळ्यावर ठेवला आणि म्हटलं, कंठ वर गेला की सांगा. पहिल्या घासाला त्यांनी वाट पाहिली. सेकंद, दोन, तीन, चार. कंठ हलेना. पाचव्या की सहाव्या सेकंदाला तो वर गेला. आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘अहो, मी तर तोवर तिसरा घास घालायचे,’ असं त्या म्हणाल्या. त्या दिवसानंतर जेवणाला अर्धा तास लागायला लागला.

अर्ध्या तासाच्या वर मात्र लांबवू नका. दमल्यावर घसा चुका करतो. जेवण संपलं नाही तरी चालेल. दिवसातून तीनऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. ‘एवढा एक घास, माझ्यासाठी’ हा आग्रह इथे नको.

स्वतःच्या हातानं खाता येत असेल तर खाऊ द्या. सांडेल, वेळ लागेल, पण हात तोंडाकडे जाताना घसाही तयार होतो. हवं तर कोपराला खालून आधार द्या.

थांबा: खोकला, ओला आवाज, नाकातून अन्न येणं, डोळ्यांत पाणी, चेहऱ्याचा रंग बदलणं, धाप. यातलं काहीही दिसलं की जेवण थांबवा. एकदाच झालं तर घसा साफ होऊन श्वास शांत झाल्यावर, छोट्या घासानं पुन्हा बघा. दुसऱ्यांदा झालं तर त्या वेळचं जेवण बंद.

## ठसका लागला तर

आपल्याकडे ठसका लागला की ‘वर बघा, वर बघा’ म्हणत डोक्यावर थापटतात आणि घाईघाईनं पाणी पाजतात. यातलं काहीही करू नका. वर बघितल्यानं वाट आणखी उघडते आणि पाण्यानं भर पडते.

जोरात खोकता येत असेल तर पुढे वाकवा, खांद्याला आधार द्या आणि खोकू द्या. त्यांचा खोकला तुमच्या थापांपेक्षा चांगलं काम करतो.

खोकला येत नाही, आवाज फुटत नाही, ओठ निळे पडत आहेत, अशा वेळी एकानं लगेच १०८ ला फोन लावा. दुसऱ्यानं रुग्णाला पुढे झुकवून खांद्यांच्या पात्यांमध्ये तळहाताच्या टाचेनं ५ जोरदार थापा द्याव्यात. अडकलेलं सुटलं नाही तर मागून मिठी घालून, बेंबीच्या थोडं वर मूठ ठेवून, आत आणि वर असे ५ धक्के. हे आलटून पालटून करत राहा. शुद्ध हरपली तर सपाट आडवं करून छातीवर दाब द्यायला सुरुवात करा. तोंडात दिसतो आहे तेवढाच घास काढा, आंधळेपणानं बोट घालू नका. भरवणाऱ्या प्रत्येकानं हे एकदा प्रत्यक्ष शिकून घ्यावं.

## टप्पा ७: गोळ्या

गोळी जिभेवर आणि वरून पाण्याचा घोट: दोन प्रकारचं एकत्र, म्हणजे आमटी-भाताचीच चूक. गोळी घट्ट दह्यात किंवा कस्टर्डमध्ये घालून चमच्यानं, एका वेळी एकच द्या.

कुटून द्यायची असेल तर आधी डॉक्टरांना किंवा औषध विक्रेत्याला विचारा. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर किंवा सीआर लिहिलेल्या गोळ्या औषध हळूहळू सोडण्यासाठी बनवलेल्या असतात. त्या कुटल्या तर सगळं औषध एकदम अंगात जातं. पोटातल्या आम्लापासून वाचवायला आवरण दिलेल्या गोळ्याही कुटायच्या नाहीत. बऱ्याच औषधांचा पातळ किंवा विरघळणारा पर्याय मिळतो, पण पातळ औषधही घट्ट करून द्यायचं, हे विसरू नका. पावडर मिसळल्यानं औषधाचा परिणाम बदलेल का, हेही तेव्हाच विचारून घ्या. कुटलेली गोळी अख्ख्या वाटीत मिसळू नका. वाटी संपली नाही तर किती औषध गेलं, कळत नाही.

## टप्पा ८: जेवण झाल्यावर

टॉर्च लावून तोंडात बघा. लुळ्या बाजूचा गाल बोटानं बाजूला केला की तिथे घास साठलेला दिसतो. त्यांना तो जाणवत नाही. तसंच झोपवलं तर तासाभरानं तो घास घशात उतरतो आणि तेव्हा शेजारी कुणी नसतं. गाल पुसून घ्या आणि टप्पा ३ प्रमाणे तोंड पुन्हा साफ करा.

किमान अर्धा तास ताठ बसवून ठेवा. छातीत जळजळ किंवा आंबट पाणी वर येत असेल तर तासभर. सुमारे पंचवीस सेंटिमीटरच्या अन्ननलिकेतून पोटात उतरलेलं अन्न आडवं झाल्यावर परत वर येऊ शकतं, आणि वर आलेल्या आम्लाला अडवायला तोच कमकुवत दरवाजा असतो. ‘जेवले, आता पडू द्या जरा’ हे नको.

## वही ठेवा

साधी शंभर पानी वही पुरे. रोज सकाळ-संध्याकाळ ताप, प्रत्येक जेवणात काय आणि किती दिलं, किती वेळा ठसका लागला, लघवीचा रंग. आठवड्यातून एकदा वजन. जेवणानंतरच्या एक-दोन दिवसांत ताप, वाढलेला कफ, छातीत घरघर किंवा वेगानं श्वास दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. वयस्कर माणसांना ताप न येताही फुप्फुसाचा संसर्ग होतो. नेहमीपेक्षा जास्त झोपणं, गोंधळल्यासारखं बोलणं, अचानक जेवण सोडणं हीही लक्षणं समजा.

## नाकातून नळी असेल तर

नाकपुडीपाशी नळीवर जो आकडा दिसतो, तो वहीत लिहून ठेवा आणि प्रत्येक वेळी भरवण्याआधी जुळवून बघा. आकडा बदललेला असेल, नळी तोंडात गुंडाळलेली दिसत असेल किंवा खोकला सुरू असेल तर काहीही घालू नका, रुग्णालयात फोन करा. निघालेली नळी घरी पुन्हा घालू नका. पाठ बसल्यासारखी उंच ठेवा, तीस अंशांच्या खाली कधीच नको. अन्न सिरिंजच्या दट्ट्यानं दाबून नव्हे, सिरिंज उंच धरून आपोआप उतरू द्या. आधी आणि नंतर कोमट पाणी घालून नळी धुवा, किती ते डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं असतं. भरवून झाल्यावरचा अर्धा तास इथेही तसाच.

नळी काढायची का, पातळी चारवरून पाचवर जायचं का, साधं पाणी कधी सुरू करायचं, हे चांगलं वाटतं आहे म्हणून घरी ठरवू नका. वही घेऊन थेरपिस्टकडे जा. बदल सुचवला गेला, तर तो सकाळच्या जेवणाला करून बघा. तेव्हा माणूस ताजातवाना असतो आणि पुढे दिवसभर कुणीतरी लक्ष ठेवायला जागं असतं.